संगीतकार कुठून ऐकावा, आवृत्ती ३.७

सहस्रक बदलणार म्हणून जगभरचे संगणक बंद पडणार होते आणि ते पडू नयेत म्हणून पुण्यात आमच्यासारख्यांची घाऊक भरती चालली होती. मी त्या गर्दीत टेस्टर म्हणून चिकटलो. टेस्टर म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणारा. पुण्यात हे काम लोक पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आले आहेत, आम्हाला त्याचा पगार मिळायचा आणि वर गळ्यात फोटो अडकवलेली दोरी मिळायची. माझ्या आईने ती दोरी घरातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक आठवडा ठेवली होती. मी मात्र तो आठवडा वॉचमनशी हुज्जत घालून ऑफिसात शिरत होतो.

या ऑफिसात एक श्रवण मंडळ होतं. दर शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर ट्रेनिंग रूमचे पडदे ओढून सात-आठ जण एका सिनेसंगीतकाराचे साउंडट्रॅक अल्बम ऐकत. त्या संगीतकाराचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं की चुका दाखवणारी पत्रं येतात. मंडळ त्याची गाणी ऐकत नसे. गाणी काय, रिक्षावालेही ऐकतात. मंडळ ऐकायचं ते गाण्यांच्या मधलं, पडद्यामागचं, शब्द नसलेलं संगीत. अल्बमांची नावं घेणंही कमीपणाचं होतं. जाणकार लोक कव्हरच्या रंगावरून बोलत: निळा, पिवळा, तांबडा. नव्या माणसाने अल्बमचं पूर्ण नाव उच्चारलं, की सगळे त्याच्याकडे दया आल्यासारखे पाहत.

मंडळाचे प्रमुख आमचे मॅनेजर होते. जन्म पेठेतला, तीन वर्षं अमेरिकेत काढलेली, आणि दोन्ही ठिकाणचा अभिमान न भांडता एकाच माणसात नांदत होता. त्यांच्या खालोखाल क्वालिटी विभागाच्या एक बाई होत्या. मॅनेजरांचं म्हणणं, संगीतकाराची सुरुवात निळ्यापासून करावी. बाईंचं म्हणणं, निळा हा त्याचा उमेदवारीचा काळ, सुरुवात पिवळ्यापासूनच. तांबड्यापासून सुरुवात करू नये, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. तांबडा पचायला जड. तो तिसऱ्या वर्षी ऐकायचा.

मंडळात शिरायचं तर अर्ज होता. संगणकावरच भरायचा. त्यात एक रकाना होता: आपण या संगीतकाराची सुरुवात कोणत्या अल्बमपासून केलीत? त्याच्या खाली दुसरा: घरातील सांगीतिक पार्श्वभूमी. मॅनेजरांच्या आत्याने गंडा बांधून गाणं शिकलेलं होतं. बाईंचे आजोबा पेटी वाजवत, आणि पेटी अजून होती. मी पहिल्या रकान्यात खोटंच 'निळा' लिहिलं. दुसऱ्या रकान्यात 'नाही' लिहिलं. हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा फार मोठं होतं, आणि ते लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही.

कारण माझा सख्खा मामा क्लॅरोनेट वाजवायचा. दिवसा तो मार्केट यार्डात हमाली करायचा, कांद्याच्या नाहीतर बटाट्याच्या गाळ्यावर, आणि लग्नसराईत बँडमध्ये असायचा. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा. जयंतीच्या मिरवणुकीत तो आमच्या वस्तीच्या बँडचा पुढचा माणूस. लहानपणी मी त्याच्या शेजारून चालायला धडपडायचो. इंजिनिअरिंगला गेल्यावर मी मिरवणुकीच्या मागच्या टोकाला चालायला लागलो, आणि नोकरी लागल्यावर मिरवणुकीच्या दिवशी मला बरोबर काम निघायला लागलं.

आणि खरी गोष्ट अशी होती की तो तांबडा अल्बम, तो तिसऱ्या वर्षी ऐकायचा, त्यात माझा मामा होता.

ही गोष्ट मी मामाच्या तोंडून पन्नास वेळा ऐकली होती. सिनेमात एक लग्न मोडतं आणि वरात रिकामी परत फिरते, असा प्रसंग होता. संगीतकाराला त्यासाठी स्टुडिओतले वादक नको होते, खरा लग्नातला बँड हवा होता. बँडच्या मास्तरांनी पाच माणसं निवडली आणि एसटीने मुंबईला नेली. दिवसभर त्यांना बाकावर बसवून ठेवलं. संध्याकाळच्या सुमारास संगीतकार स्वतः आला आणि म्हणाला, लग्न मोडल्यावर तुम्ही जसं वाजवता तसं वाजवा.

"मी म्हटलं, साहेब, लग्न मोडल्यावर कोण वाजवतंय? आमी पेट्या भरतो," मामा सांगायचा.

"तर साहेब म्हणाला, मग पेटी भरताना जे करता ते करा."

पेटी भरताना मामा एक गोष्ट करायचा. वाजवून वाजवून क्लॅरोनेटच्या नळीत तोंडातला ओलावा साठतो. तो निघावा म्हणून पेटीत ठेवण्याआधी वरून खाली उतरणाऱ्या सुराची एक लांब फुंकर मारायची, मध्ये जरा थांबायचं, आणि पुन्हा एक छोटी. त्याच्या उस्तादांची ही सवय, त्यांच्याकडून मामाला आलेली. वस्तीतल्या पोरांना ती फुंकर ऐकू आली की कळायचं, वरात संपली, आता जेवायला मिळेल. मामाने मायक्रोफोनसमोर तेच केलं. संगीतकाराने दुसऱ्यांदा करायला लावलं नाही. पाचही जणांना चहा आणि वडापाव मिळाला आणि ते शेवटच्या गाडीने परत आले. अल्बमच्या कव्हरवर त्यांच्यापैकी कुणाचंच नाव नव्हतं.

मंडळात शिरल्यावर मला अल्बम विकत घेणं भाग होतं. बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांमध्ये एक कॅसेटचं दुकान होतं. मी गेलो आणि तांबडा मागितला.

"निळा झाला का?" दुकानदारांनी विचारलं. वर पाहिलंसुद्धा नाही.

"नाही, पण मला तांबडाच हवाय."

"आपल्याला हवा असेल. पण परत आणून द्याल, म्हणाल की कळला नाही. मग आम्ही काय करायचं?"

"परत आणणार नाही."

"अहो, सगळे असंच म्हणतात. निळा घ्या, ऐका, महिन्याने या."

मी निळा घेतला, महिन्याने पिवळा घेतला, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांनी माझी एक छोटी तोंडी परीक्षा घेऊन तांबडा काढून दिला. गिऱ्हाइकाला माल मिळावा असं त्या दुकानात कुणालाच वाटत नसे, गिऱ्हाईक तयार व्हावं असं वाटे. त्या संध्याकाळी मी धायरीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत वॉकमनवर दुसऱ्या बाजूचा चौथा तुकडा लावला. आधी ढोल, मग ते मागे जातात, आणि मग ती फुंकर. लांब, थांबा, छोटी. मला एकदम भूक लागली. खरंच लागली.

त्यानंतर वर्षभर मी तो तुकडा बसमध्ये, जेवताना, कामाच्या मध्ये ऐकला. मामाकडे कॅसेट नव्हती, त्याने तो सिनेमाही धड पाहिला नव्हता. मार्केट यार्डामागच्या त्याच्या घरी वॉकमन घेऊन जायला मला जेमतेम अर्धा तास लागला असता. मी गेलो नाही. कानात मामा आणि गळ्यात कंपनीची दोरी अशी माझी सगळी सोय झालेली होती.

अशात मंडळाने ठरवलं की नवशिक्यांसाठी एक मार्गदर्शिका तयार करायची. 'संगीतकार कुठून ऐकावा.' काम सगळ्यात धाकट्या सभासदाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. आमच्याकडे कुठलंही काम कागदपत्रांशिवाय होत नसे. आधी ढाचा, मग मसुदा, मग तपासणी, मग शेरे, मग शेऱ्यांवर उत्तरं. आवृत्ती एकमध्ये सुरुवात निळ्यापासून होती. बाईंच्या शेऱ्यांनंतर आवृत्ती दोनमध्ये ती पिवळ्यापासून झाली. मॅनेजर परदेशातून एका आठवड्याने परतले तेव्हा पुन्हा निळा आला. शेवटी तोडगा निघाला की श्रोत्याचे दोन प्रकार करावेत, आणि आपण कोणत्या प्रकारचे आहोत हे ठरवायला श्रोत्याने बारा प्रश्नांची उत्तरं द्यावीत. एवढं करून ऐकायची इच्छा उरलीच तर त्याने ऐकावं.

तांबड्याच्या पानावर दुसऱ्या बाजूच्या चौथ्या तुकड्याबद्दल लिहायचं होतं. मॅनेजरांनी त्या तुकड्यावर आधीच एक व्याख्यान दिलेलं होतं. "हा ओबो आहे, पाश्चात्त्यांची सनई म्हणा," ते म्हणाले होते. "आपल्याकडे त्या वेळी असा ओबो वाजवणारा कुणी नव्हता. बाहेरचा माणूस असणार. तो मधला थांबा ऐका. तो आपल्या माणसाला जमत नाही."

बाईंना त्या थांब्यात माणसाचं एकटेपण दिसलं होतं.

मला त्या थांब्यात मामा श्वास घेताना दिसत होता. मी टेस्टर होतो, दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेत होतो, आणि समोर एवढी मोठी चूक बसलेली होती. मी लिहिलं: 'येथे ओबो, बहुधा परदेशी वादकाचा, एकाकीपणाचा जो स्वर लावतो, तो भारतीय सिनेसंगीतात दुर्मीळ आहे.' वाक्य सगळ्यांना आवडलं. त्यावर एकही शेरा आला नाही, माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

मार्गदर्शिका पुरी होत आली तेव्हा मॅनेजरांना वाटलं, ती वाटायच्या दिवशी तो तुकडा कुणीतरी समोर वाजवावा. ओबोवाला पुण्यात मिळेना. "क्लॅरोनेटवाला चालेल," ते म्हणाले. "साधारण अंदाज येईल. कुणाच्या ओळखीत आहे का?"

"माझ्या ओळखीत एक आहेत," मी म्हणालो.

मी मनात सगळं योजलं होतं. मामा वाजवेल, सगळे चमकतील, विचारतील, आणि मग मी शांतपणे सांगेन. मला ते सांगण्याची इतकी घाई झाली होती की त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी मामाकडे गेलो आणि सांगितलं की आमच्या ऑफिसात तुझा तो तुकडा फार मोठा मानतात.

मामाने बसल्या जागी शर्टाची कॉलर सारखी केली. मग म्हणाला, "युनिफॉर्म घालू का?"

"नको. साधा शर्ट चालेल."

"बरं. त्यांना सांगितलंयस ना, त्यात मी हाय म्हणून?"

"सांगणार आहे. तू वाजवल्यावर."

"तसं कर. आधी वाजवू, मग सांगू," मामा म्हणाला. त्याला ते पटलं होतं, निदान मला तसं वाटलं.

शुक्रवारी त्याने यार्डात अर्धा दिवस रजा टाकली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, हातात काळी पेटी. ट्रेनिंग रूममध्ये पंधरा-वीस माणसं जमली होती, मंडळाच्या बाहेरचीही. मॅनेजर मला म्हणाले, "ओळख करून दे."

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "हे आमच्या ओळखीचे एक कलाकार आहेत. लग्नसमारंभात वाजवतात."

मामाने माझ्याकडे पाहिलं आणि पेटी उघडली.

त्याने वाजवलं. लांब फुंकर, थांबा, छोटी. तेच, हुबेहूब, ज्या माणसाने ते केलं होतं त्याच माणसाने. मॅनेजर डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडले.

"छान आहे," ते म्हणाले. "मेहनत आहे. फक्त मूळ जागा थोडी वेगळी आहे. मूळचा थांबा जास्त बोलका आहे."

"तुम्ही मूळ ऐकलंय का?" बाईंनी मामाला विचारलं. त्यांच्या आवाजात खरोखरच आपुलकी होती, हे मी त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

मामा पुन्हा माझ्याकडे बघायला लागला. वाट बघत होता. मी त्या वेळी प्रोजेक्टरची वायर सरळ करत होतो. ती आधीपासून सरळ होती.

"न्हाई, बाई," मामा म्हणाला. "आमच्याकडं क्याशेट न्हाई."

"मग ऐका. पण एकदम हा अल्बम नको," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गठ्ठ्यातली एक मार्गदर्शिका त्याच्या हातात दिली. "इथून सुरुवात करा. आधी पिवळा."

"निळा," मॅनेजर म्हणाले.

लोक हसले. मामाही हसला. त्याने त्या कागदांच्या चार घड्या घालून ते वरच्या खिशात ठेवले, क्लॅरोनेट पुसलं, आणि पेटीत ठेवण्याआधी ती फुंकर मारली नाही. तशीच ओली नळी आत ठेवली.

मी त्याला स्कूटरवरून सोडायला निघालो. स्वारगेटच्या पुढे सिग्नलला थांबलो तेव्हा तो मागून बोलला.

"भाचेराव, एक सांगू? मामा हाय म्हणला असतास ना, तर मी जरा बरं वाजवलं असतं."

तो रागाने बोलला नाही. रागावला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला तेवढं येतं. सिग्नल सुटला आणि मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मला लाज वाटली. इतकी की यार्डाचं फाटक आलं तरी मी मान वळवली नाही.

रविवारी मी वॉकमन घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले, आपलाच तुकडा पहिल्यांदा ऐकला, आणि म्हणाला, "पुढं कापलंय. मी अजून जरा वाजवलं व्हतं." मग मला मटण वाढायला मामीला सांगितलं. मी म्हटलं, मामा, पुन्हा एकदा ऑफिसात ये, या वेळी मी नीट सांगतो. तो म्हणाला, येऊ की. पण त्या पावसाळ्यात त्याचे पुढचे दोन दात गेले. क्लॅरोनेट धरायला वरचे दात लागतात. कवळी बसवून त्याने दोन-तीनदा करून पाहिलं आणि मग पेटी माळ्यावर टाकली. लग्नसराई आधीच संपली होती, त्यामुळे त्या शुक्रवारचं वाजवणं त्याचं शेवटचं ठरलं, आणि ते त्याने बरं वाजवलेलं नव्हतं.

सोमवारीच मी मार्गदर्शिकेत दुरुस्ती सुचवली होती. ओबोच्या जागी क्लॅरोनेट, वादक माझे मामा. दोन दिवसांनी शेरा आला: 'पुरावा जोडावा.' मी मॅनेजरांच्या खोलीत जाऊन सांगितलं की शुक्रवारी वाजवायला आले होते तेच माझे मामा. ते सज्जन माणूस, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "असेलही. पण मग तू आधी का नाही सांगितलंस?" या प्रश्नावर माझ्याकडे पुरावा नव्हता. शिवाय आवृत्ती ३.७ गोठवलेली होती, म्हणजे आता बदल बंद, मेलने बाहेर गेलेली होती, अमेरिकेतल्या मित्रांपर्यंत पोचलेली होती. मी मंडळ सोडलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

याला आता वीसेक वर्षं झाली. परवा माझ्या टीममधली एक मुलगी कँटीनमध्ये म्हणाली, "सर, तुम्ही जुनं खूप ऐकता ना? याचे साउंडट्रॅक ऐकायचेत, पण इतके आहेत की कळत नाही कुठून स्टार्ट करू." मी तिला तांबडा सांगितला, मोबाइलवर शोधून चौथा तुकडा लावून दिला, आणि म्हणालो, "हे क्लॅरोनेट माझ्या मामाचं आहे." सरळ, एका दमात. इतकी वर्षं ते वाक्य बोलायला किती सोपं होतं, हे मला तेव्हा कळलं.

तिने ऐकलं. मग स्क्रीन खाली सरकवली आणि जरा अवघडून म्हणाली, "पण सर, इथे तर ओबो लिहिलंय. परदेशी वादक."

मी फोन हातात घेतला. 'येथे ओबो, बहुधा परदेशी वादकाचा, एकाकीपणाचा जो स्वर लावतो…' खाली लेखकाचं नाव नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, स्वल्पविरामांसकट.